चार नंबरचं काडतूस आणि सत्तावीस पावलं

चार नंबर म्हणजे चार नंबर, अशी माझी समजूत होती. दुकानात काडतुसांच्या रॅकसमोर उभं राहून मी खोक्यावरचं सगळं वाचलं होतं. बारा गेज हे नळीचं माप, तीन इंच लांबी, छर्रा नंबर चार. मास्तरांनी फोनवर हेच सांगितलं होतं. खोक्यावर टर्कीचं चित्र होतं, तेही पाहिलं. मला वाटलं, शोभेला असेल.

मास्तर म्हणजे आमचे शेजारी. वय ७१, आयुष्यभर पोरांना वेल्डिंग शिकवलं, म्हणून मी घरी त्यांचा उल्लेख मास्तर असाच करतो आणि इथेही तसाच करणार. सॅन अँटोनिओत आमच्या गल्लीत हिवाळ्यात गॅरेजचं शटर उघडं टाकून बंदूक साफ करत बसणारा हा एकच माणूस. पहिली दोन वर्षं मी तिकडून जाताना मान खाली घालून जायचो. तिसऱ्या वर्षी विचारलं, कशासाठी? ते म्हणाले, बॉबकॅट. मला आधी ते बुलडोझरसारखं छोटं यंत्र आठवलं.

बॉबकॅट म्हणजे इथलं रानमांजर, पण आपल्या रानमांजरापेक्षा थोराड. शेपूट आखूड, तोडल्यासारखी. गालांवर कल्ले, कानांच्या टोकाला काळे केस, अंगावर ठिपके. कानांच्या मागच्या बाजूला काळ्यावर एकेक पांढरा ठिपका असतो. तो पुढे येणार आहे, लक्षात ठेवा. ससे, उंदीर, पाखरं, कधी हरणाचं पाडस हा त्याचा आहार. कॅनडाच्या दक्षिणेपासून मेक्सिकोपर्यंत तो सगळीकडे आहे, आणि नियम मात्र राज्याराज्यात वेगळे. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून त्याची शिकार थांबवली. टेक्सासमध्ये त्याला ठरावीक हंगाम नाही, किती मारायचे याची मर्यादा नाही. शिकारीचं लायसन मात्र लागतं, आणि ज्याच्या जमिनीवर जायचं त्याची परवानगी. इथली बहुतेक सगळी जमीन खाजगी आहे, त्यामुळे ही दुसरी गोष्टच जास्त अवघड.

लायसनची माझी भानगड निराळी. मी अजून एच-वन वर आहे. अशा व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक जवळ बाळगायला कायद्याने बंदी आहे, पण हातात चालू शिकार-लायसन असेल तर तो अपवाद. म्हणजे इथे माणसं बंदूक आहे म्हणून लायसन काढतात, आणि मला लायसन आहे म्हणून बंदूक बाळगता येते. २ सप्टेंबर १९७१ नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा आहे, तो केला. लायसनचे २५ डॉलर भरले. बंदुकीच्या दुकानात फॉर्म भरताना त्या लायसनची प्रत जोडली. काउंटरवरच्या पोरीने माझा पासपोर्ट, व्हिसा, लायसन असं तीन वेळा उलटसुलट पाहिलं आणि आतून मॅनेजरला बोलावलं. पाऊण तास गेला. ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं उभ्या माणसाला पाऊण तासाचं काय.

तर ते टर्कीचं खोकं.

कोटुलाजवळ एका रँचवर मास्तरांचं लीज आहे. लीज म्हणजे जमीन मालकाचीच, शिकारीचा हक्क वर्षाच्या भाड्याने घ्यायचा. आमच्या घरापासून इंटरस्टेट ३५ ने सरळ खाली दीड तास. पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडीतून उतरलो आणि मला हसूच आलं. सगळीकडे वेडी बाभूळ आणि फड्या निवडुंग! आमच्या माणदेशातून कोणी तरी उचलून इथे आणून टाकल्यासारखं. खरं तर झालंय उलटं, या दोन्ही जाती मूळच्या अमेरिकेच्या आणि आपल्याकडे आलेल्या. इथला मेस्किट म्हणजे वेडी बाभळीचा चुलतभाऊ. काटा तोच, शेंगा त्याच. बोटात घुसला की ठणकतोही तसाच.

मास्तरांनी एका मोठ्या खोक्याचा पुठ्ठा कापून मांजराचा आकार केला, तो कागदावर ठेवून पेन्सिलीने कडा गिरवली आणि कागद चाळीस यार्डांवर खुंट्यांना ताणून बांधला. मी बार टाकला. खांद्याला दणका असा बसला की चष्मा नाकावर खाली आला. जाऊन पाहतो तर कागदाची चाळण! मी खूष. मास्तर कागदाजवळ वाकले, एका भोकावर नख ठेवलं आणि मला म्हणाले, "खोकं दाखव."

चार नंबर दोन प्रकारचे असतात हे मला तेव्हा कळलं. एक पाखरांचा चार नंबर, ज्याचा छर्रा जेमतेम सव्वातीन मिलिमीटरचा, मोहरीहून थोडा मोठा. तीन इंचाच्या काडतुसात असे दोनशेच्या वर बसतात. दुसरा ‘बक’चा, म्हणजे हरणासारख्या मोठ्या जनावरांचा चार नंबर, त्याचा छर्रा सहा मिलिमीटरचा, म्हणजे वाटाण्याएवढा, आणि काडतुसात फक्त ४१. आकडा तोच, जात वेगळी. आपल्याकडे एकाच आडनावाची दोन घराणी असतात तसं. मास्तर म्हणाले, वीस-पंचवीस यार्डांवर मांजर याने पडेलही, त्याची कातडी पातळ असते. पण मांजराला बोलवायला लावलेल्या आवाजाला कायोटी, म्हणजे इथला कोल्ह्यासारखा मोठा प्राणी, आला तर? तो जखमी होऊन पळेल आणि कुठे तरी चार दिवसांनी मरेल. "ते मला माझ्या लीजवर नको." एवढं बोलून त्यांनी ते खोकं आपल्या गाडीत ठेवून घेतलं. एप्रिलमध्ये टर्कीला वापरलं असणार.

मग ‘बक’ आणला. चाळीस यार्डांवर मारला, तीस इंचांच्या वर्तुळात २६ छर्रे. ठीक. पण पेन्सिलीच्या मांजरात मोजले तर चार, आणि त्यातले दोन शेपटीकडे. नळीच्या तोंडाचा, छर्रे एकवटणारा चोक बदलला, परत मारला, परत मोजले. त्या दिवशी अकरा काडतुसं उडवली आणि संध्याकाळी सदरा काढला तर खांदा जांभळासारखा. बायको म्हणाली, "मांजराला काही झालं का?" निष्कर्ष असा निघाला की माझी बंदूक तीस यार्डांपर्यंत माझी, त्याच्या पलीकडे देवाची.

आणि मला सांगायचं आहे ते हेच. रायफल घेतली असती तर दीडशे यार्डांवरून काम झालं असतं. मास्तरांकडे आहे ती, टू-टू-थ्री, दुर्बीण लावलेली. दीडशे यार्डांवर मांजराला तुम्ही आहात हे कळतही नाही. छऱ्यांच्या बंदुकीला तीस यार्डांत यावं लागतं, आणि तीस यार्डांवर मांजराला सगळं कळतं. तुमची पापणी कळते. लहानपणी मी ज्वारीच्या पिकात माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरं राखलीत. गोफणीत एकच दगड असतो, तो पाखराला लागत नाही, पाखराला उठवतो. लांबून कोणाला काही करणं म्हणजे नुसतं उठवणं, ही समजूत माझ्या हाताला तेव्हापासूनची आहे. म्हणून मास्तर म्हणाले, "रायफल शिकतोस का?", तेव्हा मी नको म्हणालो.

बसायची पद्धत अशी. मेस्किटच्या बुंध्याला पाठ लावायची, म्हणजे आपली आकृती फुटते. चेहऱ्याला जाळी, हातात मोजे. वारा आडवा घ्यायचा. वीस-पंचवीस पावलांवर झुडपाखाली कॉलर ठेवायचा. हा एक बॅटरीवरचा स्पीकर असतो, त्यातून सापडलेल्या सशाचा आक्रोश वाजतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तान्हं मूल रडतंय असं वाटलं आणि पोटात कसंसं झालं. त्याच्याशेजारी एका काडीला पीस बांधून ते हलतं ठेवायचं, कारण मांजर कानाने येतं आणि डोळ्यावर विश्वास ठेवतं. पिसाकडे बघत राहिलं तर आपल्याकडे बघत नाही. मास्तर माझ्या मागे उंचवट्यावर बसायचे. कोणी कुठल्या झाडापासून कुठल्या झाडापर्यंत मारायचं हे आधी बोटाने दाखवून ठरवायचं, आणि एकदा बसलं की जागेवरून उठायचं नाही. यात मास्तरांची गय नसे.

कायोटी येणार असेल तर पंधरा-वीस मिनिटांत धावत येतो. मांजराला मात्र घाई नसते. चाळीस मिनिटं धरून बसायचं. ते झुडपामागे येऊन बसतं, बघतं, चार पावलं टाकतं, परत बसतं. माझ्या पहिल्या हिवाळ्याचा हिशेब: नऊ बैठका. एकदा दोन कायोटी, मी बंदूक उचलेपर्यंत गेलेले. एकदा हावेलिनांचा कळप, म्हणजे रानडुकरासारखं दिसणारं इथलं एक जनावर, दात वाजवत जवळून गेला. आणि तीन वेळा गाई! सशाच्या रडण्याला गाई का धावून येतात कोणास ठाऊक, पण येतात, कॉलरभोवती गोल उभ्या राहतात आणि त्या पिसाकडे चिंतेने बघतात. त्यांना हाकलायलाही उठता येत नाही.

नवव्या बैठकीला मांजर आलं होतं. कुठून आलं ते दिसलं नाही, मांजर येताना दिसतच नाही. एका क्षणी निवडुंगाशेजारी काही नव्हतं आणि पुढच्या क्षणी तिथे बसलेलं होतं. पस्तीस यार्ड असेल. मी अंगठ्याने सेफ्टी, म्हणजे बार अडवून धरणारं बटण, पुढे ढकललं. खट्ट. एवढाच आवाज, घरात दिव्याचं बटण दाबतो तेवढा. मांजराने मानही वळवली नाही, नुसतं नाहीसं झालं. परतीच्या वाटेवर मास्तर काही बोलले नाहीत. डिलीपर्यंत एक शब्द नाही. मग पेट्रोल भरताना म्हणाले, "बटण दोन बोटांत धरून सरकव. अंगठ्याने ढकल आणि पहिल्या बोटाने अडव." पुढचे आठ महिने मी टीव्हीसमोर रिकामी बंदूक घेऊन हेच करत होतो. मुलगी म्हणायची, बाबा परत खट्ट करतोय.

मारायच्या आधी ओळखायचं काय, यावरही मास्तरांनी माझी तोंडी परीक्षा घेतली होती. टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला, समुद्राकडच्या कॅमेरॉन आणि विलसी काउंट्यांत, ऑसेलॉट नावाचं दुसरं ठिपक्यांचं मांजर आहे. अख्ख्या अमेरिकेत शंभराच्या आसपासच उरलेत, त्याला हात लावणं केंद्राच्या कायद्याने गुन्हा. आमचं लीज तिथून फार दूर, तरी मास्तरांचा नियम एकच: शेपूट दिसल्याशिवाय बार नाही. लांब शेपूट दिसली तर बंदूक खाली. मला हा नियम आवडला. आपल्याकडच्या किती भांडणांना लागू पडेल!

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. पहाटे थंडी पाचेक डिग्री, मेस्किटवर दव. सव्वासातला कॉलर सुरू केला. पहिला अर्धा तास ससा, मग मास्तरांनी रिमोटवरून सुतारपक्ष्याचा आवाज लावला. माझा उजवा पाय झोपला होता. नाकावरून थेंब ओघळत होता आणि तो पुसायचा नव्हता. डावीकडच्या झुडपात कार्डिनल नावाच्या पाखरांची जोडी एकाएकी टिक टिक टिक करत वर चढली. तेवढीच सूचना. मी डोळे फिरवले, मान नाही.

दोन पांढरे ठिपके दिसले. बाकी काही नाही. गवतात दोन ठिपके, बोटभर अंतरावर, स्थिर. मांजर माझ्याकडे पाठ करून पिसाकडे बघत बसलं होतं आणि मला त्याच्या कानांची मागची बाजू दिसत होती. माझ्यासमोरूनच ते गेलं असणार आणि मला पत्ता नव्हता. मग ते उठलं, आडवं झालं, आखूड शेपूट दिसली. शेपटीचं टोक वरून काळं, खालून पांढरं. एक पुढचा पाय उचललेला, तसाच हवेत. श्वासाबरोबर बरगडी हलताना दिसत होती. दोन बोटांत बटण धरलं आणि सरकवलं. आवाज झाला नाही.

बार काढला. ते जागीच बसलं, म्हणजे बसल्यासारखं खाली गेलं, आणि उठलं नाही. मी दुसरं काडतूस ओढून नळी रोखून ठेवली होती, मास्तरांनी मागून शीळ घातली तेव्हा खाली केली. सत्तावीस पावलं चालून गेलो. माझी पावलं, म्हणजे यार्ड त्याहून कमीच.

बोका होता. केस फुगलेले असतात म्हणून केवढा तरी वाटतो, हाताने दाबून पाहिलं तर आत सगळं सडपातळ. मागच्या पायाचे तळवे गार नव्हते. ताणकाट्यावर १९ पौंड, म्हणजे साडेआठ किलो. पुढच्या पंजाच्या दोन बोटांमध्ये निवडुंगाचा एक जुना काटा रुतून त्याच्याभोवती गाठ झालेली. तो काटा किती दिवस घेऊन हिंडत होता कोणास ठाऊक. मास्तरांनी पकडीने तो काटा काढला. मेलेल्या जनावराच्या पायातला काटा कशाला काढला, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मोजे घालून सोललं, त्याला दीड तास लागला. चार छर्रे मिळाले, त्यातला एक कातडीच्या आत पलीकडच्या बाजूला येऊन थांबलेला. कातडं या राज्याबाहेर न्यायचं किंवा विकायचं तर त्याला सायटीसचा, म्हणजे रानटी जनावरांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, टॅग लावावा लागतो. बॉबकॅट १९७७ पासून त्या करारात आहे, तो संपत आलाय म्हणून नव्हे, दुसऱ्या दुर्मीळ मांजरांची कातडी त्याच्या नावाखाली खपू नयेत म्हणून. मला विकायचं नव्हतं. तसंही दक्षिण टेक्सासच्या कातड्याला भाव नाही, इथे थंडीच कुठे पडते केस दाट व्हायला.

रविवारी गावी दादांना फोन केला. फोटो बायकोने आधीच गावच्या ग्रुपवर टाकला होता.

"ह्ये काय, वाघाचं पिल्लू मारलंस का काय?"

"नाही दादा, मांजर आहे. इथलं रानमांजर."

"पोलीस धरत न्हाईत?"

मी लायसनचं सांगितलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधी आपल्याकडेही असंच होतं, वगैरे.

"बरं. खात्यात का त्ये?"

"काही जण खातात. मास्तरांनी खाल्लंय."

"तू?"

मी एक तुकडा खाल्ला होता. मागच्या अंगणातल्या शेगडीवर, लोखंडी तव्यात, तिखट-मीठ आणि लसूण लावून, चांगला करपेपर्यंत शिजवून. बायकोने घरातली कढई द्यायला साफ नकार दिला होता. मांस पांढरं, वाईट नव्हतं. दुसरा तुकडा मात्र घ्यावासा वाटला नाही. हे सगळं दादांना सांगितलं.

"म्हंजी भूक न्हवती."

"नव्हती."

"तुझ्या कोंबड्या न्हेत हुतं?"

"माझ्याकडे कोंबड्या कुठायत?"

"मग मारलंस कशापायी?"

रँचमालकाला लाव्हे राखायचे आहेत आणि मांजरं लाव्हे खातात, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. मास्तर हेच देतात. पण त्या बोक्याच्या पोटात आम्ही पाहिलं होतं, उंदराचे केस आणि सशाचं हाड होतं, लाव्ह्याचं एक पीस नव्हतं. दादांशी खोटं बोलून निभत नाही, ते आयुष्यभर मेंढरांच्या बाजारात बसलेत. म्हणालो, "जमतंय का बघायचं होतं."

दादा थोडा वेळ गप्प. मागे कुठे तरी कुकरची शिटी झाली.

"जमलं न्हवं?"

"जमलं."

"मग बास आता."

बास, असं मीही म्हणालो. कातडं तीन आठवडे आमच्या फ्रीजरमध्ये होतं, दोन पिशव्यांत गुंडाळून, खोवलेल्या नारळाच्या पाकिटांखाली. पुढच्या सणाच्या आत ते हललं पाहिजे अशी ताकीद होती. परवा टॅनरकडे, म्हणजे कातडी कमावणाऱ्याकडे, देऊन आलो. परत मिळायला सात-आठ महिने लागतील म्हणे. ‘बक’ची तीन काडतुसं उरली आहेत, ती कपाटात वरच्या फळीवर, कुलपात. लायसन ३१ ऑगस्टपर्यंत आहे.